बोली एका आकड्यावर, बिल दुसऱ्यावर

जुनी नाणी, टपाल तिकिटं, ग्रामोफोनच्या तबकड्या असल्या गोष्टींच्या मागे लागलेली माणसं एकत्र जमली की एक भांडण हमखास निघतं. ईबे या इंटरनेटवरच्या लिलावाच्या बाजारात वस्तू दिसते १ डॉलरला आणि खाली टपालखर्च लिहिलेला असतो १४ डॉलर. एक जण म्हणतो, ही उघड लूट आहे. पाकिटावर तिकिटं ४ डॉलरची, मग वरचे १० कशाचे? दुसरा म्हणतो, आकडा समोरच लिहिला होता, बेरीज जमत नसेल तर बोली लावायला कोणी सांगितलं होतं? वर्षानुवर्षं हीच दोन वाक्यं आलटूनपालटून ऐकू येतात आणि वाद तिथल्या तिथे राहतो. पहिल्याला हा विक्रेत्याच्या सचोटीचा प्रश्न वाटतो, दुसऱ्याला गिऱ्हाइकाच्या अकलेचा. बाजार ज्याने मांडला, त्याच्याकडे दोघंही बघत नाहीत. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. बोली एका आकड्यावर लावायची, मालाची क्रमवारी त्याच आकड्यावर, कमिशनही त्यावरच, आणि गिऱ्हाइकाने पैसे मात्र भलत्याच आकड्याचे भरायचे, अशी रचना केली की न मोजलेला आकडा फुगणारच, मग विक्रेता साधू असो की चोर. म्हणून ‘फक्त खरा टपालखर्च घ्या’ ही मागणी मला चुकीची वाटते. मागायचं तर हे मागावं: बोली, क्रमवारी, कमिशन आणि परतावा, चारही गोष्टी एकूण रकमेवर चालू द्या.

आधी विक्रेत्याच्या बाजूने बघू, कारण त्याला शिव्या घालणारे हा हिशोब कधी मांडत नाहीत. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या या लिलावाच्या बाजारात विक्रेत्याला दोनदा पैसे मोजावे लागत. माल मांडताना एकदा, आणि तो विकला गेल्यावर अंतिम बोलीवर कमिशन. पुढे मांडणावळही सुरुवातीच्या किमतीनुसार ठरायला लागली, म्हणजे बोली १ सेंटपासून सुरू केली तर कमी आणि १० डॉलरपासून केली तर जास्त. टपालखर्चावर मात्र कमिशन नव्हतं. २००८ मध्ये पहिल्या २५ डॉलरवर कमिशनचा दर ८.७५ टक्के झाला. आता समजा, एक वस्तू घरपोच १५ डॉलरला जाणार आहे. किंमत १२ आणि टपाल ३ असं लिहिलं तर कमिशन १ डॉलर ५ सेंट. किंमत १ आणि टपाल १४ असं लिहिलं तर जेमतेम ९ सेंट. गिऱ्हाईक दोन्ही वेळा १५ डॉलरच देतं. महिन्याला पाचशे वस्तू विकणाऱ्या माणसाने हा फरक सोडून द्यावा, अशी अपेक्षा करणाऱ्याने कधी दुकान चालवलेलं नसावं.

शिवाय त्यात एक विमाही दडलेला होता. लिलावात सगळ्यात मोठी भीती असते एकच बोली येण्याची. १ सेंटपासून बोली सुरू केली, दुसरं कोणी फिरकलंच नाही, तर माल १ सेंटला द्यावा लागतो. ही भीती घालवायला राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल द्यायचाच नाही अशी किंमत, ठेवता येते, पण तिचे वेगळे पैसे. सुरुवातीची किंमत वाढवावी तर मांडणावळ वाढते. टपालखर्चात ८ डॉलर घालून ठेवले की तीच राखीव किंमत फुकटात मिळते, वर यादीत ‘१ सेंट’ झळकतो तो वेगळाच. हे नैतिक आहे का, याची चर्चा खुशाल करा. पण ज्या बाजाराने सरळ मार्गावर टोलनाका बसवला आणि आडवाट मोकळी सोडली, त्याला आधी जाब विचारायला नको का?

‘खरा टपालखर्च’ म्हणजे नेमका कोणता, हेही कोणी सांगत नाही. तिकिटं जमवणाऱ्यांना हा प्रश्न जास्त झोंबतो, कारण टपालाचा दर पाकिटावरच चिकटवलेला असतो आणि पाकीट उघडायच्या आधी आपण तो मोजतो. होळकर संस्थानचं एखादं तिकीट परदेशातून येतं तेव्हा ते आधी पातळ ग्लासिन कागदाच्या चिमुकल्या पाकिटात असतं, ते पाकीट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठ्यांना चारही बाजूंनी चिकटपट्टी, त्यावर बबल रॅप, आणि मग बाहेरचं जाड पाकीट. कोणीतरी बसून ते कापलंय, चिकटवलंय, वजन केलंय, परदेशी टपालाचा फॉर्म भरलाय, टपाल कचेरीत रांग लावलीय. यातलं काहीच पाकिटावरच्या तिकिटांत दिसत नाही. बरं, सामान फुकट धरलं तरी वेळेचं काय? अर्ध्या तासाचे किती पैसे लावायचे, आणि ते ओहायोतल्या निवृत्त माणसाच्या हिशोबाने की लंडनमधल्या दुकानदाराच्या? ईबेने ‘वाजवी’ खर्च घ्या असा नियम केला, अवाजवी वाटलं तर तक्रारीची सोय ठेवली, काही वर्गांत कमाल मर्यादाही घातली. पण वाजवी ठरवणार कोण? प्रत्येक पार्सलमागे एक निरीक्षक ठेवता येत नाही. खर्च तपासत बसायची वेळ ज्या नियमावर येते, तो नियम लिहिणाऱ्यालाच बहुधा बाजार कसा चालतो हे ठाऊक नसतं.

आता दुसऱ्या बाजूचा मुद्दा. तो जास्त भक्कम आहे आणि मला तो मनापासून पटावा असंच वाटतं. लिलावात किंमत विक्रेता ठरवत नाही, बोली लावणारे ठरवतात. वस्तू घरपोच १५ डॉलरपेक्षा जास्त द्यायच्या लायकीची नाही असं मी ठरवलं, आणि टपालखर्च १४ असला, तर मी १ डॉलरच्या वर बोली लावणार नाही. टपालखर्च ३ असता तर १२ पर्यंत गेलो असतो. बोली लावणारे सगळे असाच हिशोब करत असतील तर टपालखर्च वाढवून विक्रेत्याला दमडीही जास्त मिळणार नाही. जे इकडे वाढवलं ते तिकडे बोलीत कमी होईल. तर्कात खोट नाही. माणसं तशी वागतात का, एवढंच बघायचं उरतं.

ते बघितलं गेलं आहे. तनजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर खरोखरच नव्या सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम लिलावाला ठेवले आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. काही वस्तूंची बोली ४ डॉलरपासून, टपाल फुकट. त्याच वस्तू दुसऱ्या वेळी १ सेंटपासून, टपाल ३ डॉलर ९९ सेंट. दोन्हीकडे किमान खर्च अगदी सारखा. तरीही टपाल लावलेल्या लिलावांत बोली लावणारे जास्त आले आणि एकूण पैसेही जास्त मिळाले. टपालखर्च वस्तूच्या मानाने फार वाढवला तेव्हा सीडींच्या बाबतीत हा फायदा उरला नाही, म्हणजे लोक अगदीच आंधळे नाहीत. याच मंडळींनी पुढे जेनिफर ब्राऊन यांच्याबरोबर तैवानमधल्या याहूच्या आणि आयर्लंडमधल्या ईबेच्या लिलावांत आयपॉड विकून पाहिले. टपालखर्च लपलेला असेल तेव्हा तो वाढवला की विक्रेत्याची एकूण कमाई वाढते, असं त्यांना दिसलं. मग ‘बेरीज येत नसेल तर’ हा टोमणा नेमका कोणाला मारायचा? बेरीज सगळ्यांना येते. लिलाव संपायला दोन मिनिटं उरली असताना आणि पडद्यावर एकच आकडा मोठ्या अक्षरांत हलत असताना ती कोणी करत नाही, इतकंच. आणि कोणता आकडा मोठा छापायचा, हे गिऱ्हाईक ठरवत नाही.

हा काही इंटरनेटने लावलेला शोध नाही. १९७५ मध्ये लंडनला ख्रिस्टीज आणि सदबीज या दोन लिलावगृहांनी काही दिवसांच्या अंतराने जाहीर केलं की यापुढे हातोडा पडेल त्या किमतीवर खरेदीदाराने आणखी १० टक्के द्यायचे. कलावस्तूंचे व्यापारी खवळले. दोघांनी मिळून हे ठरवलं असा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोडीत मिटलं. (विक्रेत्यांच्या कमिशनबाबत याच दोघांचं संगनमत पुढे खरोखर सिद्ध झालं आणि सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन २००१ मध्ये दोषी ठरले, पण ते वेगळं प्रकरण.) तेव्हाही समर्थन हेच होतं की खरेदीदार आपल्या बोलीतून १० टक्के वजा करतील, कोणाचं काही बिघडणार नाही. कोणाचं बिघडणार नसेल तर लिलावगृहं एवढा उपद्व्याप कशाला करतील? ती १० टक्क्यांची आकारणी आज बहुतेक वस्तूंवर पंचवीस टक्क्यांच्याही पुढे गेलेली आहे. तरी त्या पद्धतीत एक गोष्ट सचोटीची आहे, ती मान्य करायला हवी: एका दालनातल्या लिलावात सगळ्यांना दरांचा तोच तक्ता लागतो. एकदा हिशोब डोक्यात बसला की दिवसभर पुरतो. ईबेवर हीच गोष्ट शंभर विक्रेत्यांकडे शंभर प्रकारे करावी लागते.

लंडन लांब वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव घ्या. बाजार समितीत शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुकारलेला भाव आणि हातात आलेले पैसे यांतला फरक सांगायची गरज नाही. हमाली, तोलाई, वाराई, पूर्वी अडत म्हणजे अडत्याचं कमिशनसुद्धा. त्याहीआधी काही ठिकाणी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, म्हणजे बोलीचा आकडाच उरलेल्यांना दिसत नसे. उघड लिलाव हा त्यावरचा उपाय होता. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं, रक्कम कोणाच्या रकान्यात लिहिली याने फरक पडत नाही. खरेदीदार तेवढा भाव पाडेल आणि गाडी पूर्वीसारखी चालेल. पण व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, लिलाव ठप्प झाले. फरकच पडणार नव्हता तर बंद कशासाठी? ज्यांचा जन्म लिलावात गेलाय, त्यांना रकान्याचं महत्त्व प्राध्यापकांपेक्षा जास्त कळतं.

म्हणजे टपालखर्च मोठा असणं हेच पाप, असं मी म्हणतोय का? नाही, आणि त्यासाठी अ‍ॅमेझॉनच्या जुन्या पुस्तकांचं उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेत तिथे वर्षानुवर्षं हजारो पुस्तकं १ सेंटला मिळत होती. टपालाचे मात्र ३ डॉलर ९९ सेंट द्यावे लागत. विक्रेता पुस्तकांच्या सवलतीच्या टपालदराने, घाऊक पाकिटं वापरून पाठवायचा, अ‍ॅमेझॉन आपला वाटा कापून घ्यायचं, आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांवर त्याचा धंदा चालायचा. टपालाच्या नावाखाली घेतलेल्या पैशांत पुस्तकाची किंमत दडलेली होती हे उघडच होतं. तरी त्यावर फारशी बोंब झाली नाही, कारण टपालाचा आकडा प्रत्येक विक्रेत्याकडे सारखाच होता, अ‍ॅमेझॉननेच ठरवून दिलेला. १ सेंटचं पुस्तक ५० सेंटच्या पुस्तकापेक्षा खरोखरच ४९ सेंटने स्वस्त होतं. गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटत नव्हतं, कारण तुलना शाबूत होती. ईबेवर जे मोडलं ते नेमकं हेच. किमतीनुसार यादी लावली की सगळ्यात वर तो यायचा ज्याने किंमत सगळ्यात जास्त टपालात ढकलली आहे. सरळ विक्रेता दुसऱ्या पानावर. मग सरळ विक्रेत्यानेही हळूहळू तेच केलं. पुढे एकूण रकमेनुसार क्रम लावायची सोय आली, पण तोवर सवय पडून गेली होती.

‘वाईट विक्रेत्यांना लोकच वाईट शेरे देतील’ हा आणखी एक आवडता बचाव. २००८ पर्यंत तर विक्रेताही गिऱ्हाइकाला उलट वाईट शेरा देऊ शकत होता, त्यामुळे गिऱ्हाईक गप्प बसायचं. त्याच्या आदल्या वर्षी टपालखर्चासाठी वेगळे तारे आले खरे, पण ज्याने लांबच्या गावाला खरोखर महागडं पार्सल पाठवलं त्यालाही तीनच तारे मिळायला लागले. लोकांना खर्च आवडला नाही एवढंच त्या ताऱ्यांतून कळायचं.

अखेर २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत टपालखर्चावरही कमिशन लावलं. त्या वेळी प्रामाणिक विक्रेत्यांनी केलेली तक्रार या सगळ्या वादातली सगळ्यात सरळ तक्रार आहे असं मला वाटतं. ते म्हणाले, आम्ही टपाल खात्याला ६ डॉलर देतो, गिऱ्हाइकाकडून ६ डॉलर घेतो, त्यात आमचा एक सेंटही नाही. त्यावर तुम्ही कमिशन कसलं घेता? आता तोटा भरून काढायला आम्हालाही टपालखर्च थोडा फुगवून लिहावा लागेल. आणि ते खरं होतं. फुगवटा बंद करायला आणलेल्या नियमाने सचोटीच्या माणसालाही थोडा फुगवटा शिकवला. तरीही मी त्या नियमाच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात घर घेताना काय चालायचं ते आठवा. मुद्रांक शुल्क करारनाम्यावरच्या रकमेवर, म्हणून करारनाम्यावर रक्कम कमी आणि उरलेली पिशवीतून. सरकारने प्रत्येक पिशवी तपासायचा नाद धरला नाही. १९९५ च्या नियमांनी बाजारमूल्याचे वार्षिक तक्ते, म्हणजेच रेडी रेकनर, आणले आणि त्याच्या खाली करार लिहून शुल्क वाचवायची सोय बंद केली. त्या तक्त्यांवर कितीही कुरकुर करा, ती वाजवीही असेल, पण शुल्क कशावर मोजायचं हे घेणारे-विकणारे आपसात ठरवणार असतील तर ते नेहमी कमीच ठरतं. ईबेच्या विक्रेत्यांची तक्रार खरं तर दराबद्दल असायला हवी होती. पाया रुंद केलात ना, मग दर उतरवा. ही मागणी जोरात झाली असती तर कंपनीला उत्तर देणं जड गेलं असतं. त्याऐवजी सगळे ‘टपालावर कमिशन नको’ म्हणत बसले, आणि ते मान्य होणं म्हणजे पुन्हा १ सेंट अधिक १४ डॉलर.

मग ‘टपाल फुकट’ हा मार्ग? कंपन्यांना तो फार आवडतो. यादीत वरचं स्थान देतात, बिल्ले देतात. एक आकडा दिसतो, हे त्यातलं चांगलं. पण टपाल कुठेच फुकट नसतं. किमतीत सरासरी टपालखर्च मिसळला की शेजारच्या गावचं गिऱ्हाईक लांबच्या गिऱ्हाइकाचं टपाल भरतं. तेही एक वेळ चालेल. खरा तोटा होतो तो एकाच विक्रेत्याकडून सहा वस्तू घेणाऱ्याचा. तिकिटं, नाणी, पोस्टकार्डं यांत तर हीच पद्धत असते: पाच-सात छोटे लॉट, म्हणजे लिलावात एकेक करून विकल्या जाणाऱ्या वस्तू किंवा त्यांचे जुडगे, घ्यायचे आणि सगळे एका पाकिटात मागवायचे. टपाल प्रत्येक वस्तूच्या किमतीत मुरलेलं असेल तर ते सहा वेळा भरलं जातं आणि परत मागता येत नाही, कारण कागदोपत्री ते कुठे नाहीच. आकडा एक हवा म्हणजे त्याची फोड लपवावी असं नाही.

आपल्याकडे कायद्याने हे बरंचसं आधीच लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या बाझी या संकेतस्थळाने भारतीयांना ऑनलाइन लिलावाची सवय लावली, २००४ मध्ये ईबेने ती कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये भारतातला तो बाजार बंदही झाला. त्यानंतर आलेल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगावी आणि टपाल, हाताळणी, करांसकट तिची फोड द्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत किंमत थेंबाथेंबाने उघड करणं ही एक आहे. पण हे सगळं दुकानाचा विचार करून लिहिलेलं आहे. लिलावात किंमत आधी ठाऊक नसते, आणि आपल्याकडचे लिलाव आता फेसबुकच्या गटांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात. लॉटचा फोटो, सुरुवातीची बोली, बंद होण्याची वेळ, आणि खाली ‘पोस्टेज वेगळं’. किती वेगळं, ते बोली जिंकल्यावर इनबॉक्समध्ये कळतं. ज्या गटांचे अ‍ॅडमिन सगळ्या लॉटना एकच ठरलेलं पोस्टेज लावायला भाग पाडतात, तिथे ही कटकट जवळजवळ नसते. त्या अ‍ॅडमिनांनी ख्रिस्टीजचा किंवा अ‍ॅमेझॉनचा अभ्यास केलेला नसतो, रोजच्या भांडणांना कंटाळून त्यांना ते सुचलेलं असतं.

एक अडचण उरते आणि ती खरी आहे. टपाल गावागणिक बदलतं, मग बोली एकूण रकमेवर लावायची कशी? पुण्याच्या विक्रेत्याला पुण्यातलं पाकीट ३० रुपयांत जात असेल आणि नागपूरचं ६० रुपयांत, तर दोघांच्या बोलींची तुलना कशी करणार? यंत्राला हे मुळीच अवघड नाही. प्रत्येकाचा पिनकोड त्याच्याकडे आहे. प्रत्येकाने घरपोच किती देणार ते लिहावं. नागपूरकराने ५०० लिहिले, पुणेकराने ४८०. यंत्राने आपापलं टपाल वजा करावं. विक्रेत्याच्या हातात पहिल्याकडून ४४० पडतात, दुसऱ्याकडून ४५०. लॉट पुणेकराला. दोघांनी पडद्यावर पाहिला तो स्वतःच्या खिशातून जाणारा आकडा, आणि तोच बिलावर आला. विक्रेत्याने टपाल फुगवलं तर वजाबाकी त्याच्याच लॉटच्या विरोधात जाते, कारण घरपोच रक्कम वाढताना सगळ्यांना दिसते. कमिशन त्याच एकूण रकमेवर घ्यावं, माल वर्णनाप्रमाणे निघाला नाही तर परतावाही तेवढाच द्यावा. सहा लॉट एका पाकिटात घेणाऱ्याला दुसऱ्या लॉटपासून टपाल माफ करायचं की निम्मं लावायचं, हे विक्रेत्याने लिलाव सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवावं. तेवढी मोकळीक त्याला द्यायला माझी काही हरकत नाही.